तिसऱ्यांदा परत चाललेला ड्रम

अपांनी आधीचे दोन परत पाठवल्यावर तिबुर्सिओने तिसरा ड्रम टेम्पोतून उतरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "एर्लिंदा, बापाला बोलव. आज माझ्यासमोर बघू दे."

सकाळचे सात वाजले होते आणि पत्रा आत्ताच तापला होता. जुलैत आमच्या मेक्सिकालीत सगळं असंच, पहाटे पाचला गॅरेज उघडा, दुपारी बाराला शटर ओढा. अपा हात पुसत आले. अपा म्हणजे माझे वडील, एलिओदोरो, वय शहात्तर. गावातले लोक त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी ड्रमचं बूच काढलं, पट्टी बुडवली आणि ऑइलचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मधे चोळला. मग पुन्हा चोळला.

"पाणी आहे नुसतं. परत ने."

"तीस वर्षं तुला ऑइल देतोय, एलिओदोरो! भेसळ करत असेन तर हात झडतील माझे!"

"तीस नंबरचं म्हणून दहा नंबरचं देतोस. चोर कुठला!"

तिबुर्सिओचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या लग्नात ज्याने अख्ख्या मांडवाला बिअर पाजली, तो माणूस हा. तो टेम्पोत जाऊन बसला, पण निघाला मात्र नाही. बहुधा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला असावा. मला भयंकर लाज वाटली.

आता तुम्हाला सांगते, या गावात उन्हाळा आला की जो तो जाड ऑइल मागतो. अठ्ठेचाळीस डिग्री, मग पन्नास नंबर घाला, पातळ असेल तर उकळून जाईल म्हणे! त्यांना झापायचे ते अपाच. "अरे बाबा, ऊन बोनेटच्या वर. आत रेडिएटर काय झोपा काढतो? नव्या इंजिनाच्या फटी केसाएवढ्या, त्यात हा पाक शिरणार कसा?" जुन्या घासलेल्या ट्रकला पन्नास, नव्या गाडीला तिच्या पुस्तकात असेल ते, आणि पुस्तक परवानगी देत असेल तर उन्हाळ्यापुरतं वीसच्या जागी तीस. सुट्ट्या ऑइलमध्ये भेसळ फार, म्हणून प्रत्येक ड्रम आधी त्यांच्या बोटांतून जायचा. त्यांची बोटं कधी चुकली नव्हती.

आणि यंदा हाच माणूस दिसेल त्या गाडीत पन्नास ओतत सुटला होता! आमच्या गिऱ्हाईक अंपारोबाईंची गाडी वर्षाचीसुद्धा नाही, तिच्यातही पन्नास ओतलं. रुमोरोसाचा घाट चढताना तिचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि बाई अर्ध्या वाटेवरून परत आल्या. गाडी आता खालून काम करायच्या आमच्या खड्ड्यावर उभी होती आणि बाई बाकावर हातातल्या वहीने वारा घेत बसल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. "अपा, पुरे झालं आता. म्हातारचळ लागलाय तुम्हाला. आजपासून ऑइलला हात लावायचा नाही. खुर्ची टाकते दारात, तिथे बसा!"

बाईंच्या देखत बोलले. जीभ झडो माझी.

अपा वळले. खड्ड्यात उतरले, पान्हा लावला आणि बाईंच्या गाडीचा ऑइलचा बोल्ट सोडवला. गाडी आत्ताच चालून आली होती. काळं, कढत ऑइल धारेने आलं ते थेट त्यांच्या हातावर. मी किंचाळले. अपांनी हात काढला नाही. बोल्ट धरून तसेच उभे, ऑइल बोटांवरून वाहतंय.

"अपा! हात!"

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी खड्ड्यात उडी मारली आणि त्यांचा हात ओढला. बोटं लाल झाली होती, अंगठ्यावर फोड उठत होता आणि ते त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत होते.

गार पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसवलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. "ईस्टरच्या आधीपासून असं आहे. रक्तातल्या साखरेमुळे असेल. मोजे घातल्यासारखी वाटतात बोटं. सगळंच ऑइल पाण्यासारखं लागतं गं, पोरी. पन्नासचं तेवढं थोडंसं कळतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तू आत्ता म्हणालीसच की. दारात खुर्ची."

मला रडू फुटलं. अंपारोबाई वही घेऊन उगाच बाहेर गेल्या.

"ऑइलचं जाऊ दे," अपा म्हणाले. "सिट्लालीने परवा बाळ मांडीवर दिलं. त्याचे पाय धरले मी, आणि काही कळलंच नाही. मऊ आहेत की नाहीत, तेसुद्धा."

सिट्लाली माझी लेक आणि ते बाळ माझी पहिली नात. मी त्यांच्या शर्टाची बाही वर सारली. काय सुचलं कोण जाणे. बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपराने बघतो ना, तसं. नव्या ड्रममधला थेंब त्यांच्या कोपराच्या आत लावला आणि माझ्या बोटाने चोळला. शेजारी पन्नासचा लावला.

"डोळे मिटा. पहिलं कुठलं?"

अपांनी डोळे मिटले. मग त्यांचा चेहरा बदलला.

"तीस आहे," ते म्हणाले. "स्वच्छ तीस. अरे देवा, मी तिबुर्सिओला चोर म्हणालो!"

ओला हात घेऊन ते तसेच टेम्पोकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तिबुर्सिओ खाली उतरला, अपांचा हात बघितला आणि त्यांच्यावरच ओरडला, "गाढवा, आधी दवाखान्यात चल!"

बाईंच्या गाडीत मी तीस भरलं. अपांनी कोपराने बघितल्यावरच.

दवाखान्यातून पट्टी बांधून सुटलो आणि अपा म्हणाले, "घरी नको. सिट्लालीकडे घे."

बाळ नुकतंच न्हाऊन झोपलं होतं. अपा पलंगावर बसले, दोन्ही बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "तू ठेव, माझ्या हातांचा भरवसा नाही." मी बाळाला त्यांच्या कोपरांच्या उघड्या बेचक्यात निजवलं. त्यांनी मान खाली घातली आणि तिचा पाय आपल्या गालाला लावून घेतला.

"कसं आहे, अपा?" मी विचारलं.

"मऊ आहे गं, ऊबदार आहे," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.