साहेबांचं पोट

पिंजऱ्यातला कागद बदलणं हे त्या घरात कुणाचंच काम नव्हतं, म्हणून ते तिचं होतं. तशी सगळीच कामं तिची होती म्हणा. सकाळी स्वयंपाक, मग दिवसभर दुकानात मशीन; कुणाची चेन बदल, कुणाच्या बाह्या आखूड कर. घरी आलं की पुन्हा चूल आहेच. घरात माणसं दोन, ती आणि तिचे वडील, नाना. आणि वर हा पोपट! आईने पाळलेला, आईनेच नाव ठेवलेला: साहेब. आई जाऊन दीड वर्ष झालं, साहेब मात्र आपल्या दांडीवरून हलले नव्हते.

त्या सकाळी तिने कागद ओढला आणि तशीच उकिडवी बसून राहिली. पोपटाची शीट तिला पाठ होती. हिरवी गुंडाळी, तिच्यावर पांढरा ठिपका, भोवती जरासं पाणी. आज कागदभर नुसतं पाणी होतं, आंबूस वास येत होता आणि त्यात दाणे गिळले तसे अख्खेच्या अख्खे पडलेले. तिने वर पाहिलं. साहेब पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसले होते. शेपटीखालची पिसं चिकटून गेलेली. मग त्यांनी मान दोनचारदा झटकली आणि पांढरट लगदा गजांवर उडाला.

"नाना, हे कधीपासून चाललंय?"

"काय?" नाना पेपरमागून म्हणाले.

"ओकतोय तो! दिवसभर समोर बसून असता ना तुम्ही?"

"चार दिवस जरा गप्प आहे खरा."

"चार दिवस! आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं का?"

नानांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिला बोलल्याचं वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात जोर हवा. तिने मालकिणीला फोन केला. "पोपटासाठी रजा?" मालकीण म्हणाली. "उद्या कावळ्यासाठी घेशील." घ्या! दहा वर्षांत तिसरी रजा, तीही पाखराच्या पोटासाठी. पिंजऱ्यावर अस्तराचा तुकडा टाकून ती निघाली.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई बोलायला तुटक, पण हाताने हळुवार होत्या. साहेबांना टॉवेलात गुंडाळून त्यांनी वजन केलं आणि गळ्याखाली बोट फिरवलं.

"इथे बघा. खाल्लेलं आधी या पिशवीत साठतं, मग खाली उतरतं. ती तुंबलीय. आतलं आंबलंय."

त्यांनी बारीक नळी घालून पिशवी धुऊन काढली. ताटलीत पांढरा चिखल जमला. तो काडीने चाळवत त्यांनी विचारलं, "दूध कोण देतं याला?"

"दूध? कुणीच नाही. आमच्याकडे दाणे आणि फळाची फोड."

"पाव आहे हा, दुधात भिजवलेला. पाखरांना दूध पचत नाही, बाई. रोज भरवतंय कुणीतरी."

दुधात भिजवलेला पाव. नानांचे दात दुखतात म्हणून दुकानात जाताना ती रोज वाडगा भरून झाकून ठेवायची. संध्याकाळी वाडगा चाटूनपुसून रिकामा. तेवढं एक काम तरी मार्गी लागलं म्हणून ती हुश्श करायची.

आणि तिला नानांची पँट आठवली. दोन महिन्यांत तिने ती कंबरेला दोनदा आत घेतली होती. आधी इंचभर, मग दीड इंच. नाना म्हणाले, सैल होतेय गं. तिने टेप लावली, खडूने खूण केली, दहा मिनिटांत शिवून मोकळी झाली. गिऱ्हाइकाला आपण विचारतो का, बारीक का झालात? मोजायचं, शिवायचं, पुढचं घ्यायचं. बापालाही तिने तसंच उरकलं होतं. जगाच्या कंबरा मोजते आणि घरातलं माणूस अडीच इंच झिजलं ते कळत नाही! तिला स्वतःची शिसारी आली.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या. औषधाचे थेंब दोन वेळा. ऊब हवी. रोज सकाळी वजन. उद्यापासून मऊ खाणं, दूध अजिबात नाही. "आणि पाखरं एकटी जेवत नाहीत. समोर बसून तुम्ही खा, तर तेही चोच लावेल. परवापर्यंत खाल्लं नाही, तर मी काही शब्द देत नाही."

घरी आल्यावर पिंजरा टेबलावर ठेवून ती नानांसमोर बसली.

"वाडगा कोण खातं नाना?"

नाना गजांकडे बघत म्हणाले, "थोडं साहेबांना. बाकीचं खिडकीबाहेर, कबुतरांना."

"पण का?"

"एकट्याच्या घशाखाली उतरत नाही गं. आणि वाडगा भरलेला दिसला की तू चिडतेस. रिकामा दिसला की पाच मिनिटं तरी बसतेस." त्यांनी डोळे पुसले. "त्याला त्रास होईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या आईचा आहे तो."

चिडायला आता तोंड तरी कुठे होतं? आपणही जेवतो कुठे, ओट्याशी उभ्याने चार घास कोंबतो, हेही तिला आत्ताच दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून ती तासभर उशिरा दुकानात जाऊ लागली. मालकीण कुरकुरली, कुरकुरू दे. पिंजऱ्यासमोर दोन ताटं, दोन खुर्च्या.

"खा," ती म्हणायची. "तुम्ही खाल्लं तर तो खाईल."

पहिल्या दिवशी साहेबांनी तोंड फिरवलं. नाना घाबरून एकेक घास ढकलत राहिले, डोळे पिंजऱ्यावर. "बघ हो, मी खातोय, बघ," असं काकुळतीला येऊन ते म्हणत होते आणि ती मान खाली घालून जेवत होती, कारण वर पाहिलं असतं तर रडली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मऊ दाण्यात चोच बुडवली. एकदा, मग पुन्हा.

"खाल्लं!" नाना ओरडले, तोंडातला घास सांभाळत.

मापाच्या वहीत ती रोज साहेबांचं वजन लिहायची. त्याच पानावर, दर रविवारी, नानांची कंबर.

पाचव्या रविवारी ती घरच्या मशीनवर डोकं टेकून बसली होती. दुकान, औषध, दोन्ही वेळचं जेवण. अंगाचा पार भुगा झाला होता. नाना दारात येऊन उभे राहिले. पँटचं बटण लागत नव्हतं.

"काचतेय गं," ते अपराध्यासारखे म्हणाले. "तुला अजून एक काम."

तिने हात पुढे केला. "आणा इकडे," ती म्हणाली आणि शिवण उसवायला बसली.