जयाच्या नावाचं पत्र

अंबादासनं शर्टाच्या खिशात हात घातला आणि रत्नप्रभा लगेच उठली.

"चहा उतू जाईल," ती म्हणाली. चहा अजून ठेवलाच नव्हता.

तिचं स्वयंपाकघर म्हणजे पडद्यापलीकडची चार फूट जागा. तिथं जाऊन काय लपणार, कपाळ? बाहेर सतरंजीवर चर्चच्या मराठी गटातली आठ माणसं बसली होती आणि अंबादास दर बुधवारसारखा ते पत्र वाचत होता. अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"बाबा, आई गेली तेव्हाचं सगळं मी मनातून काढून टाकलंय. तुम्हीही आता स्वतःला छळू नका. तुमची जया."

"प्रभूची स्तुती असो," म्हणत शेवंतीनं डोळे पुसले. सात महिने झाले, ही बाई दर बुधवारी त्याच ओळीला रडायची.

रत्नप्रभानं ओट्याची कड घट्ट धरली. ते पत्र तिनं लिहिलं होतं.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. चकाल्याच्या चर्चमधले बावीस जण तीन दिवसांच्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला, बोरिवलीपलीकडे गेले होते. शनिवारी दुपारी प्रत्येकाच्या हातात त्याच्या माणसांनी लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा द्यायचा, अशी तिथली रीत. पत्रं महिनाभर आधी गुपचूप गोळा करायची, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही आणि कुणीही रिकाम्या हाती राहता कामा नये. हे काम रत्नप्रभाकडे होतं. म्युनिसिपल शाळेतली बाई, सगळ्यांची घरं तिला ठाऊक.

अंबादासची मुलगी नाशिकला नर्स होती. तिला रत्नप्रभानं दोनदा लिहिलं, पण उत्तर आलं नाही. येणार तरी कसं? बायको हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत असताना हा बाबा तीन दिवस गुत्त्यावर पडून होता. सतरा वर्षांची पोर एकटी आईच्या उशाशी. हा शुद्धीवर येऊन धावत पोचला, तोवर माती देऊन झाली होती. त्यानंतर जया मावशीकडे गेली, ती पुन्हा फिरकली नाही.

शनिवारी सकाळी रत्नप्रभानं गठ्ठे लावले. एकवीस फुगलेले, आणि अंबादासच्या नावाचं फादरांचं एक कार्ड. इतक्या वर्षांनी माणूस देवाच्या दारात आलाय आणि त्यानं काय दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं? तिनं कागद ओढला, अक्षर थोडं तिरकं केलं. दहा मिनिटांत पत्र तयार. वाईट वाटणं तर सोडाच, तेव्हा तिला अगदी धन्य वाटलं होतं.

त्या दुपारी अंबादास चॅपलमध्ये ओक्साबोक्शी रडला. त्या दिवसापासून दारूचा थेंब नाही. मुलीचं अक्षर कसं असतं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, मग शंका कुठून येणार? आणि रत्नप्रभाची मात्र झोप उडाली. तीनदा ती फादरांकडे पापाच्या कबुलीला जाऊन गुडघे टेकून आली. मुलांवर ओरडले, जपमाळ चुकवली, नणंदेची चुगली केली, सगळं सांगितलं. हे एक घशातून वर आलं नाही.

"आज एक गोष्ट सांगतो," बाहेर अंबादास म्हणत होता. "रिट्रीटवरनं परस्पर नाशिकला जायचं ठरवलं होतं मी. पोरीचे पाय धरायचे होते. पण पत्र वाचलं आणि म्हटलं, आता कशाला जायचं? तिनं आपणहून माफ केलं ना!"

रत्नप्रभानं पदर खोचला. बस्स झालं. आजच, सगळ्यांदेखत सांगून टाकायचं. तो पुन्हा गुत्त्यावर गेला तर? गेला तर गेला, पण हे आता सोसवत नव्हतं. ती पडदा सारून बाहेर आली, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती. खांद्याला पर्स, आणि नाक हुबेहूब अंबादासचं. रत्नप्रभानं झटकन बाहेर पाऊल टाकून दार ओढून घेतलं. आत गाणं सुरू झालं.

"तुम्हीच रत्नप्रभा साळवे ना? मी जया. तुम्ही मला दोन पत्रं लिहिली होती."

"हो गं."

"नंतर बाबांचं आलं. पोरी, तू मला माफ केलंस, पत्राचं उत्तर दे म्हणून. मी कधी केलं माफ? माझ्याकडे पत्र मागणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, म्हणून तुमच्याकडे आले."

"तुझ्या नावानं मीच लिहिलं," रत्नप्रभा म्हणाली. "चुकलं माझं, जया. आत्ताच्या आत्ता आत जाऊन सांगते त्यांना."

"थांबा. दारू?"

"सुटली. फेब्रुवारीपासून शिवलेले नाहीत."

आत अंबादासचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता, बेसूर आणि मोकळा. जया ऐकत राहिली.

"आई तीन दिवस दाराकडे बघत होती," ती म्हणाली. "नंतर मी बघायला लागले. म्हटलं, एक दिवस येतील माफी मागायला. तेव्हा आत घ्यायचं की दारातनं हाकलायचं, हे मी ठरवणार होते. तेवढं एकच माझ्या हातात होतं, बाई. तेही तुम्ही देऊन टाकलंत."

रत्नप्रभाला शरमेनं वर बघवेना. सात महिने तिनं स्वतःला जाळलं ते अंबादासला फसवलं म्हणून. ही पोर तिच्या मनात एकदाही आली नव्हती.

"मला सांगू दे गं त्यांना. मी पाया पडते तुझ्या."

"आणि उद्या ते पिऊन पडले की? तेही माझ्याच नावावर? सांगून तुम्ही मोकळ्या व्हाल, बाई. माझं काय?" जयानं पर्समधून इनलँड पत्रांचा गठ्ठा काढून तिच्या हातात ठेवला. पहिलं सोडलं तर एकही उघडलेलं नव्हतं. "दर महिन्याला येतं. ही तुम्हीच वाचा. उत्तरंही तुम्हीच द्या. ते माझ्याशी कुठं बोलतायत?"

"आत ये ना. पाच मिनिटं."

"नको. एसटी चुकेल माझी."

ती भराभरा जिना उतरून गेली. रत्नप्रभानं गठ्ठा पदराखाली घेतला आणि दार उघडलं.

"कोण होतं?" अंबादासनं विचारलं.

"कुणी नाही. पत्ता विचारत होती एक मुलगी."

गाणं संपलं होतं. आता आपापली मागणी देवापुढं ठेवायची वेळ. शेवंतीनं सुनेच्या बाळंतपणासाठी मागितलं, आणखी कुणी नोकरीसाठी. अंबादासनं डोळे मिटले.

"माझं एकच मागणं. सहा पत्रं टाकली, जयाचं उत्तर नाही. कामात असेल पोर. एखादी ओळ यावी." मग डोळे उघडून तो वळला. "रत्नाबाई, ही प्रार्थना तुम्ही म्हणा. तुमचं म्हणणं देव ऐकतो."

आठही माना खाली झुकल्या. रत्नप्रभानं तोंड उघडलं. देवाचं नाव काही केल्या ओठांवर येईना.

"येईल, अंबादासभाऊ," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात येईल."