हातात धरायचा दिवा

देवकाबाईच्या माहेरी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, आणि तिचा धाकटा भाऊ यादोराव दंडारीच्या खेळात राणी होऊन नाचायचा. आसपासच्या सगळ्या गावांनी ती राणी पाहिली होती. सख्ख्या बहिणीनं तेवढी पाहिली नव्हती.

आडवी यायची चुलबंद नदी. देवकाबाईचा नवरा शालीकराम गोंदियात स्वतःची लॉरी चालवायचा. सकाळी गिरणीवर तांदूळ भरायचा असे, म्हणून मुक्काम नाही. आणि नदीवर पूल नाही, म्हणून उजेड आहे तोवरच परतायचं. लॉरी काठावरून खाली उतरू लागली, की तिचे दिवे समोरच्या पाण्यातच रुतून बसत. वाट दाखवायला रोवलेले बांबू बाजूच्या अंधारात राहत. राणी यायची दिवेलागणीनंतर, आणि तोवर देवकाबाई कोहमाऱ्याच्या रस्त्याची धूळ खात घराकडे निघालेली असायची.

यंदा मात्र दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. लष्कराचा उरलेला माल गोंदियाच्या बाजारात स्वस्तात आला होता.

"हातानं वळवता येईल असा एक दिवा घेऊ," शालीकराम म्हणाला. "मंग पाह्य तुझी राणी."

दोघं संध्याकाळी चुन्नीलालच्या दुकानात गेले. पहिला दिवा आरशासारखा चकचकीत होता. त्याची किंमत ऐकून शालीकरामनं तो दोन्ही हातांनी हळूच जागेवर ठेवला. मग चुन्नीलालनं परातीएवढा एक लष्करी दिवा काढला. तो पहिल्याच्या निम्म्यातही निम्म्या किमतीत होता. टेबलाखालून आलेली तार जोडताच दुकानाची मागची भिंत चुना फासल्यागत पांढरी झाली.

"देखो भाभी, फौजी माल! इससे हवाई जहाज ढूँढते थे."

शालीकरामचा हात खिशाकडे गेला.

"मामंजीनं बैल घेतला तवा काय केलं होतं?" देवकाबाईनं विचारलं.

"आता बैल कायले मधात आणतेस?"

"दात पाह्यले, शेपटी मुरडली, बाजारभर चालवून पाह्यला. मंग दिव्याले काऊन नाही? आपल्या लॉरीले जुंपून पाहा ना जी."

लॉरी दारातच उभी होती. शालीकरामनं स्टिअरिंगजवळच्या सॉकेटात दिव्याचा प्लग खोचला. परातीएवढा दिवा लाल झाला, आणि तेवढाच राहिला.

शेजारच्या पानठेल्यावरचे भैयाजी वाकून पाहू लागले. "शालीकराम, यावर बिडी तरी पेटन का रे?"

सगळे हसले. चुन्नीलाल दिवा घेऊन आत धावला. आत तो पुन्हा लख्ख पेटला. देवकाबाई खाली वाकली आणि तारेच्या मागे मागे टेबलाखाली पाहू लागली.

"इथं दोन बॅटऱ्या जोडल्या हायेत. आपल्या लॉरीत एकच हाय."

चुन्नीलालनं कपाळावर हात मारला. "अरे हाँ! फौजी गाड़ी में दो लगती हैं. एक और ले लो, भैया."

"मंग वरून एक लॉरीबी दे!" शालीकराम म्हणाला.

उरला तिसरा, सर्वांत स्वस्त. कटोऱ्याएवढा, लाकडी मुठीचा, लांब तारेचा. तो लॉरीला जोडून देवकाबाईनं समोर धरला. रस्त्यापलीकडच्या पायरीवर एक बकरी बसली होती. तिचे डोळे हिरवे चमकले आणि ती रागानं उठून निघून गेली.

"एवढासा?" शालीकराम म्हणाला.

"बकरी दिसली ना? आपली नदी तिच्यापेक्षा दूर नाही."

मंडईच्या दिवशी देवकाबाईनं राणी पाहिली. राणीनं मांडवात नाक मुरडलं, राजाला दटावलं, आणि पुढे बसलेल्या बहिणीला पाहून एक गिरकी जास्तीची घेतली. देवकाबाई हसून हसून रडली.

राणीचं काम आटोपताच दोघं निघाले. गाव नदीला लागूनच होतं. लॉरी काठावर पोचली, तोच मागून चाळांचा आवाज आला. यादोराव लुगड्यातच पळत आला होता.

"बाई, थांब वो! रेती सरकली हाय. मी पुढं चालतो, तुम्ही माझ्या मागं या."

त्या गावची रीतच होती. पाहुण्याची गाडी नदीत उतरली, की गावचा एक माणूस पुढे पाण्यातून चाले. लॉरीचं नाक खाली झुकलं, पुढचे दिवे पाण्यात रुतले. देवकाबाईनं खिडकीतून हात काढला आणि छोटा दिवा भावावर धरला. गुडघाभर पाण्यात लुगडं सावरत राणी चालली होती, मागे लॉरी. उजवीकडचा बांबू दिसला, मग डावीकडचा.

मध्यावर यादोराव थांबला. दोन्ही बाजूंना काळोख आणि उजेड तेवढा आपल्यावर, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं वळून पदर डोक्यावर घेतला आणि पाण्यात पाय आपटून नाचायला सुरुवात केली. पाणी उडालं, त्यात दिव्याचा उजेड सांडला.

"अरे बाप्पा! लॉरी नदीत उभी हाय!" शालीकराम ओरडला.

"बॅटरी संपन का?" देवकाबाईनं विचारलं.

"इंजन चालू हाय तोवर नाही."

"मंग इंजन चालू ठेवा ना जी," ती म्हणाली, आणि राणी सरकली तसा दिवा सरकवत राहिली.