वाटीतलं निकेल

दिवाकररावांनी जबलपूरच्या पॉलिटेक्निकात जन्मभर धातुशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर ती सगळी विद्या एका लोहचुंबकात येऊन थांबली. तो कायम खिशात असे. स्टीलला चिकटला नाही तर आत निकेल आहे, भांडं टिकेल. चिकटला तर माल हलका. ते दिसले की ओमती बाजारातले भांडीवाले आधी चहा मागवत आणि मग माल आत सरकवत. याला दिवाकरराव आपला दरारा समजत.

लग्नाची बोलणी करायला सौमित्रच्या घरी निघताना अमिता म्हणाली, "बाबा, चुंबक घरीच ठेवा. मला सौमित्र पसंत आहे, घोळ घालू नका." दिवाकररावांनी मान डोलावली आणि चुंबक दुसऱ्या खिशात ठेवला.

सौमित्रच्या आईनं, इंदिराबाईंनी, नव्याकोऱ्या वाट्यांतून चिवडा दिला. दिवाकररावांचा हात आपोआप खिशात गेला. चुंबक वाटीच्या काठाला लागला आणि चिकटला.

"दुकानदारानं फसवलं तुम्हाला," ते म्हणाले. "यात निकेल नाही. अहो, निकेल म्हणजे काय चीज आहे! त्याच्या जिवावर विमानाच्या इंजिनातली पाती आगीत तग धरतात."

"तिलवाऱ्याला माझ्या भावाचा कारखाना आहे जी," इंदिराबाई म्हणाल्या. "आजच्यासाठी त्यानंच मुद्दाम बनवून पाठवल्या."

अमितानं डोळे मिटून घेतले. दिवाकरराव सारवासारव करू लागले. सपाट पत्रा साच्यात दाबतात, काठाशी तो जास्त ताणला जातो, आणि... तिथे त्यांची जीभ अडली. ताणलेल्या जागी निकेलचं उत्तम स्टीलही चुंबकाला थोडं चिकटतं. हे त्यांनी दरवर्षी शिकवलं होतं, परीक्षेत विचारलं होतं आणि न लिहिणाऱ्यांना नापासही केलं होतं. त्यांनी हळूच चुंबक वाटीच्या बुडाला लावला. तो टणकन फरशीवर पडला.

"वाटी चांगली आहे," ते म्हणाले. "मास्तर नापास." एका वाटीपायी पोरीचं लग्न घालवलं, असं त्यांना वाटलं.

इंदिराबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या परातभर भांडी घेऊन.

"काहून गप्प बसून राहिले व्याहीबुवा?" त्या म्हणाल्या. "हे पण तपासून द्या. लग्नाची पंगत यातच वाढायची आहे. फक्त बुडापासून सुरू करा."

दिवाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी सगळ्यात मोठं पातेलं पुढ्यात ओढलं आणि ते फरशीवर चुंबक शोधू लागले. अमितानं तो केव्हाच पर्समध्ये टाकला होता, आणि ती काही द्यायला तयार नव्हती.