टेकडीवरच्या तळ्याचं बूड

जऊळक्याचा इब्राहीम छिन्नीनं खाचा पाडून जात्या-पाट्यांना टाकी लावायचा. हातोडीचा एक ठोका दिला की दगड पोकळ की भरीव, ते त्याला कळे. जऊळक्यावरून रेल्वे जाणार असं ठरलं, त्याच्या आदल्या हिवाळ्यात दगडांचा अभ्यास करणारा एक गोरा साहेब आला, तेव्हा त्याला टेकडीवर न्यायचं काम इब्राहीमकडंच आलं.

टेकडीवर तळं होतं, भर वैशाखातही न आटणारं. चढताना साहेब मोडक्या हिंदुस्तानीत सांगत होता की हिमालयात बर्फ सरकत सरकत दगडमाती लोटत आणतो, तिचा बांध होतो आणि त्यामागं वितळलेलं पाणी अडून तळी होतात. इथं बर्फ नाही, मग पाणी अडतं कशानं, असं त्यानं इब्राहीमला विचारलं.

इब्राहीमनं त्याला तळ्याखालच्या कड्याशी नेलं. काळ्या दगडात हातभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा होता.

"साहेब, हे तळ्याचं बूड हाय. हे फोडलं का तळं गेलं."

साहेबानं वहीत रेघा ओढल्या आणि त्याला उस्ताद म्हटलं. घरी आल्यावर इब्राहीमनं ते कुलसुमला, आपल्या बायकोला, दोनदा सांगितलं.

वर्षभरात रुळांसाठी खडी लागली. त्या साहेबाचा नकाशा घेऊन ठेकेदार आला. कठीण दगड नेमका त्या पट्ट्यामागं होता. तिथं सुरुंग लावू नका म्हणून इब्राहीम विनवायला गेला.

ठेकेदारानं नकाशावर बोट ठेवलं. "तळं कसं रिकामं करायचं तेबी लिहेलं हाय इथं. पानी गेल्याबिगर खदान चालत नाही."

तिसऱ्या सुरुंगाला पट्टा फुटला. दोन दिवस नाला गढूळ वाहिला. चैत्रात पायथ्याच्या पुंजाजी माळ्याची विहीर आटली. वांगी, मिरच्या उभ्या वाळल्या. पुंजाजी आणि इब्राहीम लहानपणापासूनचे सोबती. पुंजाजी दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही.

"बूड कायले दाखवलं त्याले?"

"त्यानं इचारलं, पुंजाजी. जलमात मले कोनं काई इचारलं नवतं."

पुंजाजी दारातूनच माघारी गेला. त्यानं आपलं जातं दुसऱ्या गावी टाकीला धाडलं, आणि हळूहळू सारं गावच तसं करू लागलं.

ज्येष्ठात इब्राहीम खदानीवर खडी फोडायला लागला. पुंजाजीची बायको तुळसाबाईही तिथं टोपल्या वाहायची. तिला पाहून त्यानं बसायला जागा करून दिली. पदर ओढून ती दुसऱ्या ढिगाकडं गेली.