वाळूच्या बेटाचा ठराव

“तुम्हाला बोलायचं काहीच नाही, वहिनी. अध्यक्षांनी विचारलं, की हात वर करायचा. मग चहा घ्यायचा आणि घरी यायचं.”

दीर दुकानाच्या दारात उभा राहून बोलत होता. वहिनींनी शिलाई मशिनचं चाक तळहाताने थांबवलं आणि दाताने दोरा तोडला.

“कशासाठी हात वर करायचा, ते तरी सांगा भाऊजी.”

“बेटाचं आहे हो. नदीतलं ते वाळूचं बेट. तिथे बोटींसाठी धक्का, खाणावळ, पोरांना घसरगुंड्या. गावाचं भलं आहे. उगाच ती पक्षीवाली बाई आली होती, तिच्या नादी लागू नका.”

गावात त्यांना सगळे टेलरवहिनी म्हणत. नवरा नगरसभेचा सदस्य होता. तो एकाएकी गेला, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेवर दिराने त्यांनाच उभं केलं. लोकांनी गेलेल्या माणसाच्या आठवणीपोटी मतं दिली आणि कपडे शिवणारी बाई सभेच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. आजवर तिथे त्या एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या. पुढच्या रांगेतले हात वर गेले, की त्यांचाही जायचा. घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, “काय ठरलं गं?” आणि त्यांना धड सांगता यायचं नाही.

पक्षीवाली बाई म्हणजे वन्यजीव खात्याची अधिकारी. मागच्या सभेला ती आली होती. बेटावर अंडी घालणारे कात्रे आता फार थोडे उरलेत, असं तिने सांगितलं. कात्रे हे पक्ष्याला गावाने दिलेलं नाव. या पक्ष्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते आणि उडता उडता तो पाणी कापत जातो, म्हणून. एका सदस्याने तिला अडवलं होतं. “मग तुम्हीच काय तो हुकूम काढा ना. आमच्या डोक्याला ताप कशाला?”

ती म्हणाली होती, “कायद्याने बेट तुमच्या हद्दीत आहे. ते राखायचं की वापरायचं, हे तुमच्या सभेनेच ठरवायचंय. राजधानीत बसून आम्ही फार तर एक पाटी लावू. कुत्री हाकलायला आणि बोटी थांबवायला गावच लागतं.”

दीर गेला. वहिनींनी पुढचं कापड टेबलावर पसरलं, खडूने खुणा केल्या, कात्री हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. माप घेतल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाच्या कापडाला कात्री लावली नव्हती. आणि इथे न बघितलेल्या गोष्टीवर हात वर करायचा होता.

दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन त्या नदीवर गेल्या. माहेर पलीकडच्या काठाला, त्यामुळे नदी नवी नव्हती. पण माहेरी जाताना बाई माहेरच बघत असते. त्या दिवशी त्यांनी नावाड्याला बेटाजवळ थांबायला सांगितलं.

“उतरू नका हं,” नावाडी म्हणाला. “पाय कुठे पडेल सांगता येत नाही. इथूनच बघा.”

आधी काहीच दिसेना. नुसती तापलेली वाळू. मग डोळे सरावले आणि वाळूतच बसलेले पक्षी दिसू लागले. एक उठला, पाण्यावर गेला, पोट पाण्यात बुडवलं आणि परत येऊन बसला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

“हे काय करतंय?”

“अंडी गार करतंय. ऊन केवढंय! असंच चालतं दिवसभर, ये-जा, ये-जा. आईची जात, दुसरं काय.”

वहिनींनी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. दिराचं म्हणणंही सांगितलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. दुकानाचा गाळा धाकट्याच्या, म्हणजे दिराच्या नावावर आहे, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

“माझाच मुलगा आहे तो,” त्या म्हणाल्या. “हट्टी आहे. चिडला तर गाळा काढून घेईल.”

“माहीत आहे, आई.”

“मग?”

“मशीन काही त्याचं नाही.”

सासूबाईंनी सुनेकडे नीट बघितलं. “बघ बाई. पोटात एक आणि ओठात एक, हे तुला जमायचं नाही. चेहऱ्यावर दिसतं तुझ्या.”

सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या खुर्च्या भरल्या होत्या. दीर पहिल्याच खुर्चीत होता. अध्यक्ष गोल चेहऱ्याचे, हसतमुख, कुणाच्याही बारशाला आणि मयताला जाणारे. त्यांनी ठराव वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “सगळ्यांचं एकमत आहेच. ज्यांना मंजूर आहे त्यांनी…”

“मला विचारायचंय.”

मागून आवाज आला तेव्हा कुणाला तो ओळखूच आला नाही. वहिनी उभ्या होत्या. बाकाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

“बोला, बोला,” अध्यक्ष कौतुकाने म्हणाले.

“आपल्यापैकी कुणी बेटावर जाऊन बघितलंय का?”

पुढच्या रांगेतला एक सदस्य मागे वळला.

“बघायचंय काय त्यात, ताई? वाळू आहे.”

“मलाही तसंच वाटत होतं. म्हणून म्हणते, आधी सगळ्यांनी जाऊन बघू या आणि मग मत देऊ. रस्त्यातल्या खड्ड्यासाठी आपण पाहणी करतो. हे तर अख्खं बेट आहे.”

हशा पिकला. दिराने डोळे वटारले. अध्यक्षांनी सचिवाकडे बघितलं. सचिव खालच्या आवाजात म्हणाला, “पाहणी मागता येते, साहेब. दुसऱ्या एकाने दुजोरा दिला की पुरे.”

समोरच्या, विरोधी बाकावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी बसल्या बसल्याच हात वर केला. “माझा दुजोरा. तेवढीच हवा खाऊन येऊ.”

दुसऱ्या दिवशी दोन नावा भरून नगरसभा नदीवर निघाली. कुणी टोपी घातलेली, कुणी डोक्याला रुमाल गुंडाळलेला. एकाचा बूट चिखलात रुतला आणि मोज्यानिशी पाय बाहेर आला. बेटावर उतरल्यावर अध्यक्ष छत्री घेऊन सगळ्यांच्या पुढे. पक्षी कर्कश ओरडत वर उडाले आणि डोक्यावर घिरट्या घालू लागले.

“कुठायत अंडी? मला तर एकही…” अध्यक्षांनी पाय उचलला.

“साहेब, पाय!” नावाडी ओरडला.

अध्यक्ष बगळ्यासारखे एका पायावर थांबले. त्यांच्या बुटाखाली, वितीच्या अंतरावर, वाळूच्याच रंगाची ठिपक्यांची अंडी होती. हसायला सुरुवात झाली होती, ती आपोआप थांबली. डॉक्टरांनी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

अध्यक्ष वाकून बघत राहिले. मग त्यांनी छत्री तिरकी करून अंड्यांवर सावली धरली.

“साहेब, तुम्ही उभे आहात तोवर पक्षी खाली यायचे नाहीत,” वहिनी हळूच म्हणाल्या. “ऊन लागतंय अंड्यांना. आपण निघू या.”

सगळे आल्या पावलांवर पाय ठेवत परत फिरले. नावा जरा लांब गेल्या, तशी एक मादी खाली आली, पाण्याला पोट घासून गेली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसली.

काठाला लागल्यावर अध्यक्ष म्हणाले, “सभेला संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच बसू.”

सभेत वहिनींनी दुरुस्ती मांडली. बेट राखीव ठेवायचं, पिल्लं उडेपर्यंत नावांनी बेटाला वळसा घालायचा, आणि धक्का गावाच्या काठालाच, जुन्या घाटाशेजारी बांधायचा. “बेटावर जायचं म्हटलं तर म्हातारी माणसं नावेत चढणार कशी?” त्या म्हणाल्या. “इथे काठाला असलं तर सगळ्यांचं होईल. आणि पक्षी इथूनही दिसतात.” एवढंच बोलून त्या बसल्या.

हात वर झाले. सचिवाने मोजले, पुन्हा मोजले. “समसमान, साहेब. आता अध्यक्षांचं मत.”

दीर अध्यक्षांकडे बघत होता. त्यांच्या निवडणुकीत तो उन्हातान्हात फिरला होता, हे दोघांनाही आठवत असणार. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

“आज सकाळी,” ते म्हणाले, “माझा पाय खाली पडला असता, तर कुणाला कळलंही नसतं. मीसुद्धा पुढे चालत गेलो असतो.” त्यांनी चष्मा चढवला. “दुरुस्तीच्या बाजूने.”

आधी डॉक्टरांनी टाळी वाजवली. मग मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी, आणि मग सगळं सभागृह. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या नावाड्यांनी आत डोकी घालून “झालं का? झालं का?” विचारलं आणि उत्तर मिळताच ते घाटाकडे आरडाओरडा करत पळाले. टेलरवहिनी बाकावर बसून होत्या. बाया येऊन त्यांचे हात हातात घेत होत्या आणि त्यांना रडू की हसू, काही कळत नव्हतं.

गाळा गेला, तो त्याच आठवड्यात. दिराने मशीन स्वतः उचलून घराच्या ओसरीवर आणून ठेवलं आणि आईशी न बोलता निघून गेला. पुढच्या निवडणुकीत त्याने वहिनींच्या जागी दुसरंच नाव पुढे केलं. सासूबाई महिनाभर जेवताना एकट्याच पुटपुटत होत्या. पण ओसरीवर उजेड चांगला यायचा आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं थांबून गप्पा मारायची.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी माहेरी निघाल्या होत्या. नावाडी नवा होता, त्यांना ओळखत नव्हता. बेट जवळ आलं तसं त्याने इंजिन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं. नाव मोठा वळसा घालून संथ चालली. फोनवर मोठमोठ्याने बोलणारा एक प्रवासी वैतागला.

“अरे, सरळ घे ना. उशीर होतोय. आणि इंजिन कुणाच्या हुकमाने बंद केलंस?”

“हुकूम कुणाचा नाही,” नावाडी म्हणाला. “आमचा ठराव आहे. जरा हळू बोला.”

प्रवाशाने फोन खाली घेतला. वाळूवर इवली इवली पिल्लं पाण्याच्या दिशेने धावत होती, धडपडत होती, पुन्हा उठत होती. वहिनी नावेच्या कडेला सरकल्या, उन्हाला हात आडवा धरला आणि बेट मागे पडेपर्यंत बघत राहिल्या.