जीव हाय तवर

बुधवारी सकाळी तनुजानं डालं उचललं. बाकीच्या तिन्ही कोंबड्या फडफडत अंगणात पळाल्या आणि कवडी तिथंच बसून राहिली. मान एका अंगाला पिळवटलेली, चोच आभाळाकडं. उठवायला गेली तर स्वतःभोवतीच एक गिरकी घेऊन ती कलंडली. कालच ही कोंबडी शेजारच्या मांजरावर धावून गेली होती.

मानमोडी झाली, असं सरजाबाईनं, म्हणजे तिच्या सासूनं, चुलीपुढून न उठताच सांगून टाकलं.

कवडी सहा वर्षांची. पहिलं बाळंतपण उरकून तनुजा माहेराहून, उमरीहून, जळकोटकडच्या या गावी परत निघाली, तेव्हा मायनं टोपलीत बांधून दिलेली. बाळंतिणीनं कढण प्यावं, अंगात ताकद यावी म्हणून. दुसऱ्या दिवशी कापायला टोपली उघडली तर आत अंडं. अंडं देणारीला कोण कापतंय? राहिली. मग तिला खुडूक बसवली, पिलं निघाली, पिलांची पिलं निघाली, ती विकली, खाल्ली, कवडी राहिली. अंडी बंद होऊन दोन वर्षं झाली तरी राहिली, कारण तोवर माय राहिली नव्हती. मायची भांडी भावजयीनं आपल्या मांडणीत लावली, लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. मायच्या हातून आलेलं, अजून श्वास घेणारं, एवढंच एक तनुजापाशी होतं.

तिनं लसूण ठेचून हळदीत कालवला, चोच उघडून बोटानं आत सारला. कवडीनं तो तसाच बाहेर टाकला. जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला, तर तिथल्या माणसानं वय विचारलं आणि हसला. बाकीच्या वेगळ्या ठेवा म्हणाला.

दहाच्या सुमाराला सासूनं तनुजाच्या नवऱ्याला, शिवमला, हाक मारली आणि चांदपाशा मुलाण्याला बोलवायला सांगितलं. गावात कुणाचंही कोंबडं असो, बकरं असो, सुरी चांदपाशाचीच. आणि मेलेल्याला तो हात लावत नसे.

"मरून वाया जाईल. जीव हाय तवर कापून घ्या," सासू म्हणाली. "आज खायचा वार बी हाय."

शिवम तनुजाकडं न बघता चपला घालून निघाला.

तनुजा कवडीला पदराखाली घेऊन गोठ्यामागं जाऊन बसली. तिला सगळं दिसत होतं. तपेल्यात उकळतं पाणी, त्यात बुडवलेली कवडी, ओली पिसं उपटणारे आपलेच हात, कारण घरात पिसं काढायचं काम सुनेचं. आणि मग ताटं. पोटाशी धरलेल्या जिवाची धडधड पदरातून हाताला लागत होती.

चांदपाशा आला. पांढरी दाढी, खांद्यावर गमछा, हातात कापडात गुंडाळलेली सुरी. सून दिसली तसा दोन पावलं अलीकडंच थांबला.

"आण बेटी."

"मेली, चाचा."

मागच्या वर्षी भावानं फोनवर, माय सिरीयस हाय, लवकर ये, असं सांगितलं होतं, तेव्हा मायला जाऊन तीन तास झाले होते. सगळेच तसं सांगतात. लेकीला वाटेत काही होऊ नये म्हणून. गेलेलीला जिती म्हणता येतं, तर जितीला गेली का म्हणता येऊ नये.

पदराखाली पंख हलला. चांदपाशानं तिकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"मग काय इलाज न्हाई," तो म्हणाला आणि आल्या वाटेनं परतला. सासूनं ऐकलं आणि चुलीवरचं पाणी उतरवलं.

तनुजाला वाटलं, जिंकलं आपण. आता कवडी मांडीवर शांत जाईल. हिला तरी शेवटचं पाणी आपल्या हातचं मिळेल.

पण कवडी काही जाईना. बारा वाजले, दोन वाजले. मान पिळत पिळत पाठीला लागली, पाय ताठ होऊन थरथरायला लागले. दर थोड्या वेळानं झटका येई आणि गळ्यातून दार करकरावं तसा आवाज निघे. पाणी चोचीतून तसंच ओघळे. लेक शाळेतून आली, वाकून बघत म्हणाली, "आजी म्हणली मेली. ही तर हलायली."

पुढच्या झटक्याला तनुजा उठली. कवडीला पोत्यावर ठेवून अनवाणीच चांदपाशाच्या घरी गेली. दारात त्याची बायको जोहरा शेवया वाळवत होती. तो जळकोटला गेला होता, लग्नातल्या जेवणाच्या देगी चढवायला. उद्याच येणार.

"कोंबडी जिती हाय, चाची."

"माहिताय. तेच सांगून गेले," जोहरा म्हणाली. "पोरीचं तोंड बघून माघारी आलो म्हणले. म्या म्हणलं, तोंड कुणाचं बघायचं, तिचं का कोंबडीचं? एका घडीचं काम व्हतं."

तनुजा परतली. शिवमला म्हणाली, तुम्ही तरी काही करा. तो म्हणाला, आता तूच दाब नरडं. तिनं दोन्ही हात गळ्याभोवती नेले. पिसांखालची बारीक, गरम हाडं बोटांना लागली आणि बोटं मिटेनात.

तिनं कवडीला पुन्हा मांडीवर घ्यायला पाहिलं, तर हात लागताच कवडी तडफडली. मग एका पायानं स्वतःला ओढत, पडत, पुन्हा ओढत ती सरपणाच्या ढिगाकडं सरकायला लागली. तनुजानं दोनदा उचलून आणली. दोन्ही वेळा ती निघाली. तिसऱ्यांदा तनुजानं तिला जाऊ दिलं. तुऱ्हाट्यांच्या बुडाशी, जिथं हात पोचत नाही तिथं ती शिरली. आतून करकर ऐकू येत राहिली. गुरं घरी येईतो येत राहिली, मग थांबली.

सरजाबाई मागं येऊन उभी राहिली होती.

"सकाळीच सुटली असती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच तनुजाला जास्त लागलं. "तुला तिचं मरण बी तुझ्याच मांडीवर पायजे व्हतं."

तनुजानं आकडीची काठी आणली, पालथी पडून ढिगात घातली. दोनदा नुसती पिसं आली. तिसऱ्यांदा पाय अडकला, तशी ती ओढायला लागली.